एकशे दहा फुटांच्या खोलीला पाचशे फुटांचं मशीन

चेंबूरमधल्या एका सोसायटीतलं चौथ्या मजल्यावरचं घर. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलेली. तिथे उंच पत्रे लागलेत, हिरवी जाळी टांगलीय, तरी खिडकीचा कट्टा सकाळी पुसला की दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आतल्या खोलीत साडेचार वर्षांची मुलगी झोपते. दिवाळीपासून रात्री दोन-अडीचच्या सुमाराला तिचा खोकला सुरू होतो. डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि जाता जाता म्हणाले, ‘खोलीत धूळ आणि धूर जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा.’ या एका वाक्यावरून घरात वाद पेटला, तो महिनाभर विझला नाही.

वादाच्या एका बाजूला मुलीची आई. बँकेत नोकरी, आकड्यांची सवय, मोबाइलवर तीन मशीन निवडून ठेवलेली. दुसऱ्या बाजूला आईचा मामा. मामाने तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या एसी प्लँटवर काढली. ऑपरेशन थिएटरची हवा तासाला किमान वीस वेळा बदलली जाते की नाही, फिल्टर गच्च झालेत का, हे बघणं त्याचं काम. निवृत्त झाला तरी कुणाच्या घरी गेला की आधी पंख्याची पाती बघतो आणि मग चहा घेतो.

“हे बघ,” तिने फोन पुढे केला. “खास मुलांच्या खोलीसाठी. अस्वलाच्या तोंडाचं. खोक्यावर लिहिलंय, २५८ चौरस फुटांपर्यंत. आपली खोली दहा बाय अकरा, म्हणजे ११०. दुपटीहून मोठं झालं की!”

मामाने चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला. “२५८ कुठल्या वेगावर?”

“म्हणजे?”

“पंख्याचा कुठला वेग ठेवला तर २५८?”

हे खोक्यावर नव्हतं. ते सहसा नसतंच. खरेदीची सगळी फसगत इथूनच सुरू होते, त्यामुळे मामाने पुढचा अर्धा तास घेतला तो वाया गेला नाही.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचं खरं माप चौरस फुटांत नसतं. ते असतं सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाभरात किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं त्याचा आकडा. आपल्याकडे तो बहुतेक घनमीटरमध्ये लिहितात, अमेरिकेत मिनिटाला घनफूट अशा हिशेबाने. अमेरिकी आकड्याचा आपला करायचा तर साधारण १.७ ने गुणायचं. (ऑनलाइन घेताना दोन मशीनची तुलना करणारे इथेच हमखास चुकतात. एकाचा २०० आणि दुसऱ्याचा २०० हे वेगवेगळ्या मापांतले असू शकतात.) चौरस फुटांचा आकडा या सीएडीआरवरून काढलेला असतो, आणि तो कसा काढायचा यात कंपनीला बरीच मोकळीक असते. चीनच्या मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ यांपैकी कशानेही गुणून चौरस मीटर काढायची मुभा आहे. खोक्यावर कुठला आकडा छापून येणार हे सांगायला ज्योतिषी नको. अस्वलाचा सीएडीआर २००. त्याला ०.१२ ने गुणलं की २४ चौरस मीटर, म्हणजेच २५८ चौरस फूट. ०.०७ ने गुणलं असतं तर हेच मशीन दीडशे फुटांवर आलं असतं.

“बरं, दीडशे धर,” भाची म्हणाली. “तरी आपली खोली ११०ची. पुरतंय ना?”

“पुरेल. तुझी लेक विमानतळाच्या धावपट्टीवर झोपत असेल तर पुरेल.”

मामाचा मुद्दा असा. सीएडीआर मोजतात तो यंत्र पूर्ण वेगावर असताना. त्या वेगाला मशीन मिक्सरसारखं घोंघावतं. निजायच्या खोलीत रात्रीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे घरात कोणीही ते पूर्ण वेगावर ठेवणार नाही. रात्री नऊला मुलीला झोपवलं की आई हळूच ‘स्लीप’चं बटण दाबणार, आणि अस्वल २०० वरून एकदम ५०वर येणार. “कंपनी सांगत नाही,” मामा म्हणाला, “म्हणून मी आपला पाव धरतो. झोपेच्या वेगाला पाव. ज्यांच्या पुस्तिकेत वेगानुसार आकडे दिलेत, त्यांचे आकडे धरायचे.”

मग त्याने टेप मागवली. बिल्डरच्या नकाशातला कार्पेट एरिया त्याला चालत नव्हता. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडीही त्या एरियात धरतात, आणि भिंतीत हवा नसते. शिवाय हवेला उंची असते, ती चौरस फुटांत कुठेच येत नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेचा एक सोपा नियम आहे. खोलीच्या चौरस फुटांच्या दोनतृतीयांश इतका सीएडीआर, त्यांच्या मापात, असावा. पण त्यात छत आठ फुटांवर धरलेलं आहे. मुलगी स्टुलावर चढून टेपचं टोक धरायला बघत होती, तिला खाली उतरवून मामाने मोजलं. साडेनऊ फूट. दहा गुणिले अकरा गुणिले साडेनऊ, १,०४५ घनफूट. तीस घनमीटरला थोडं कमी.

“आता हिशेब तूच कर, बँकवाली. तासाला पाच वेळा हवा फिरायला पाहिजे. किती?”

“दीडशे.”

“आणि तुझं अस्वल झोपेत किती देतं?”

“पन्नास.” ती थांबली. “म्हणजे तासाला पावणेदोन वेळा.”

पाच हा आकडा कुठून आला, हे तिने लगेच विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. एकदा हवा फिरली की खोली स्वच्छ झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. गढूळ पाण्याने भरलेली बादली नळाखाली ठेवा. स्वच्छ पाणी पडतंय, गढूळ पाणी काठावरून वाहून जातंय. एक बादलीभर पाणी सोडलं तरी आतला गढूळपणा संपत नाही, कारण नवं पाणी जुन्यात मिसळत वाहून जातं. सुमारे ३७ टक्के गाळ उरतोच. तीन बादल्या सोडल्यावर पाच टक्क्यांवर येतो. इथे तर बादलीला भोकही आहे. दाराखालची फट, खिडकीच्या सरकत्या काचेची चीर, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, या सगळ्यांतून बाहेरची हवा येतच असते. बंद खोलीतही तासाला साधारण एकदा हवा अशी आपोआप बदलते असं धरू. बाहेर पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धुळीचं प्रमाण १०० असेल, तर पावणेदोन वेळा फिरवणाऱ्या अस्वलाच्या खोलीत ते ३७ च्या आसपास अडकून बसेल. पाच-सव्वापाच वेळा फिरवलं तर १६ वर उतरेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, भारताची ६०.

“भारताच्या मर्यादेत तर अस्वलही बसतंय,” भाची म्हणाली. तिला हरायला आवडत नाही.

“बसतंय. पण मूल मिनिटाला वीस-तीस श्वास घेतं, आपण बारा ते वीस. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं. आणि तिच्या दिवसातले दहा-बारा तास याच खोलीत जातात. सरकारी मर्यादेत बसवायचंय का खोकला थांबवायचाय, ते ठरव.”

तर मग कुठलं घ्यायचं? मामाने बोट ठेवलं ते तिच्या यादीतलं सगळ्यात बोजड मशीन होतं. पांढरा चौकोनी डबा, सीएडीआर ४००, खोक्यावर ५१७ चौरस फूट. ११० फुटांच्या खोलीला. भाची हसलीच. “मामा, दोन खोल्यांच्या घरात लग्नाच्या हॉलचं मशीन?” पण हा डबा मधल्या वेगावर १६० च्या आसपास देतो, म्हणजे तासाला पाचहून जास्त फेरे. आणि मोठा पंखा हळू फिरला की लहान पंखा जोरात फिरल्यापेक्षा कमी आवाज करतो. निजायच्या खोलीसाठी मोठं मशीन घ्यायचं ते यासाठी. त्याची पूर्ण ताकद वापरायची वेळ येऊ नये म्हणून. प्रस्तुत लेखकाचं मत इथे मामाच्या बाजूने आहे, आणि अस्वलाची मूळ किंमत किती आणि कानांचे किती, हे एकदा कंपनीने सांगावं असंही वाटतं.

इथवर मामा जिंकला होता. पण त्याने नको तिथे पाऊल टाकलं.

“आणि सकाळी सहाला खिडक्या सताड उघडायच्या. पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध. आम्ही लहानपणी कुठलं मशीन बघितलं होतं?”

भाचीने फोन उघडला. घरात तिने पीएम २.५ मोजणारा छोटा मीटर आणून ठेवला होता, आणि आठवडाभराचे आकडे तिच्याकडे होते. सगळ्यात वाईट वेळ होती पहाटे चार ते सकाळी नऊ. सगळ्यात बरी, दुपारी दोन ते चार. हे चेंबूरपुरतं नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं, आणि दिवसभराचा धूर, धूळ त्याखाली कोंडते. त्यात रात्री वारं जमिनीकडून समुद्राकडे, शाळेत शिकलो ते मतलई. उन्हं तापली की झाकण उचललं जातं, समुद्रावरून खारे वारे येतात, आणि हवा मोकळी होते. “पहाटेची शुद्ध हवा” ही मे महिन्यातल्या गावची गोष्ट असेल. डिसेंबरातल्या मुंबईची नाही.

“म्हणजे खिडकी उघडायचीच नाही?” मामा जरा घुश्शात.

“दुपारी उघडायची. एक ते दोन. तेव्हा शेजारच्या साइटवरचे लोक जेवायला बसतात.”

यावर मामा खळखळून हसला. पण त्याने खिडकीचा हट्ट सोडला नाही, आणि तेही बरोबरच होतं. मशीन धूळ पकडतं, कार्बन डायऑक्साइड नाही. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा गार करून परत सोडतो. त्यामुळे दारं-खिडक्या घट्ट लावून आई, बाबा आणि मूल एका खोलीत झोपले, की सकाळपर्यंत हवा शिळी होते, मीटरवर धूळ शून्य असली तरी. मुलगी एकटी झोपत असेल तर प्रश्न लहान. तिघं झोपत असतील तर दाराखालची फट बुजवू नये, आणि मशीनचा वेग एक पायरी चढवावा. खिडकी किलकिली ठेवली तर काय होतं, तेही भाचीने हिशेब करून दाखवलं. बाहेरची हवा तासाला पाच वेळा आत येऊ लागली तर हाच मोठा डबा बाहेरच्या १०० चे जेमतेम ४९ करू शकतो. सताड उघड्या खिडकीसमोर तो चालू ठेवणं म्हणजे नळ सोडून फरशी पुसणं.

दुसरा सामना संध्याकाळी झाला, देवघरापाशी. मामी दिवेलागणीला धूप लावते. कोळशावर, भरपूर. धूर बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेला आणि मीटर शंभर ओलांडून वर वर चढत गेला. भाची काही बोलली नाही, नुसता मीटर मामापुढे ठेवला.

“देवाचं आहे ते,” मामा म्हणाला. मग जरा वेळाने, “दार तरी लावून घ्यायला हवं होतं.”

सगळ्यात मोठा गुन्हेगार मात्र धूप नव्हे, कासवछाप म्हणतो ती डासांची वेटोळी. मलेशिया आणि चीनमधल्या काही वेटोळ्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की एक पूर्ण वेटोळी जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतकी अतिसूक्ष्म धूळ बाहेर पडते. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी. मच्छरदाणी त्यापेक्षा स्वस्त पडते. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर मशीनवर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत बाल्टिमोरला, दमा असलेल्या आणि घरात धूम्रपान होणाऱ्या मुलांच्या खोल्यांत अशी यंत्रं लावून पाहिली. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धूळ साधारण निम्म्यावर आली, मुलांचे दम्याच्या लक्षणांविना गेलेले दिवस वाढले. पण हवेतलं निकोटिन कमी झालं नाही. वायू पकडायला कोळशाचा जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांतली ती काळी पातळ जाळी बहुधा शोभेचीच असते.

मशीनवरचं ‘निगेटिव्ह आयन’चं बटण बंद ठेवावं, हे दोघांनाही एकदम मान्य झालं. असल्या काही यंत्रांतून ओझोन निघतो आणि तो दमेकऱ्याला चांगला नाही. कॅलिफोर्नियात ०.०५० पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडणारं घरगुती यंत्र विकताच येत नाही. मुलीच्या आजीने सुचवलेली स्नेक प्लँटची कुंडीही राहिली, छान दिसते. पण खिडकी-दारांतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर एका चौरस मीटरमागे दहा ते हजार कुंड्या लागतील, असं २०१९ मधल्या एका आढाव्यात निघालं. एवढ्या कुंड्यांत मुलगी कुठे झोपणार?

खर्चावरून थोडी ओढाताण झाली. मोठं मशीन महाग, त्याचा फिल्टर महाग, दरवर्षी दोन-चार हजारांचा नवा फिल्टर. भाचीने एक वेगळा पर्याय पुढे केला: २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेली जुगाडी पेटी, साधा चौकोनी पंखा आणि त्याला चिकटपट्टीने जोडलेले चार फिल्टर. सीएडीआर दणदणीत, खर्च किरकोळ. मामाचे डोळे चमकले. त्याने आयुष्यभर असलंच काम केलेलं. पण तसे फिल्टर इथे सहज मिळत नाहीत, आणि साडेचार वर्षांच्या मुलीच्या हाताला येईल असा उघडा पंखा आतल्या खोलीत नको, हे त्यानेच सांगितलं. विजेचं म्हणाल तर ४० वॉटचं मशीन रात्रभरात दहा तासांत ०.४ युनिट खातं. त्यावर कोणी भांडलं नाही.

फिल्टरवर मात्र दोघं जोरात भांडली. ‘हेपा टाइप’ असं लिहिलेलं तिला पुरेसं वाटत होतं. मामाच्या मते ‘टाइप’ हा शब्द म्हणजे ‘तुपासारखं’. खऱ्या हेपाला परीक्षा असते. अमेरिकी मापात ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडले पाहिजेत, युरोपीय एच १३ वर्गात पकडायला सगळ्यात अवघड कणांपैकी ९९.९५ टक्के. पण तिनेही त्याला एका ठिकाणी गप्प केलं. फिल्टर कितीही कडक असला तरी हवा त्यातून गेली तरच उपयोग. उत्तम फिल्टर आणि मरतुकडा पंखा यापेक्षा बरा फिल्टर आणि दमदार पंखा खोली लवकर साफ करतो. सीएडीआर या एका आकड्यात दोन्ही येतं. मामाने मान हलवली.

मुंबईभर सध्या बांधकामांच्या धुळीचं जे चाललंय ते या घरातल्या दोन माणसांच्या हातात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमांची नियमावली काढली. सत्तर मीटरहून उंच इमारतीला ३५ फुटी पत्रे, बाकीच्यांना २५ फुटी. उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं. २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेला काही काळ बांधकामं बंद ठेवली गेली. शेजारचे पत्रे याच नियमावलीतले. मामाने ते खिडकीतून मोजायचा प्रयत्न केला, टेप पुरली नाही.

मोठा डबा एका शनिवारी आला. आईला तो पलंगाला चिकटवून, पडद्यामागे, दिसणार नाही असा ठेवायचा होता. मामाने तो भिंतीपासून फूटभर पुढे, पलंगापासून हातभर लांब ठेवला, वाऱ्याचं तोंड मुलीच्या चेहऱ्यावर येणार नाही असा. ‘ऑटो’ बंद केलं. डब्यातला सेन्सर स्वतःभोवतीची हवा मोजतो, ती आधी स्वच्छ होते, आणि पलंगाकडचा कोपरा तसाच असताना मशीन डुलकी काढतं. झोपण्याआधी अर्धा तास पूर्ण वेग, मग रात्रभर मधला. छताचा पंखा आधी ओल्या फडक्याने पुसून हळू चालू, म्हणजे हवा फिरत राहील. केर काढणं सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर. चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, कारण गादीतले डस्ट माइट हवेत तरंगत नाहीत आणि मशीनला सापडत नाहीत. मऊ खेळण्यांचा ढीग निम्मा झाला. त्यात एक खरंखुरं अस्वल वाचलं.

पहिल्या रात्री मीटर तासभर ढिम्म. बाहेर १२०, आत १०५. भाचीने मामाला फोन लावला. आवाजात आनंद लपत नव्हता. “तुझं लग्नाच्या हॉलचं मशीन काही करत नाही, मामा.”

“मागचं झाकण उघड. फिल्टर बाहेर काढ.”

फिल्टर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत होता, कारखान्यातून आला तसा. पिशवी काढली, अर्ध्या तासात आकडा ३० च्या खाली आला. असं अनेक घरांत होतं. तुमच्याकडे मशीन आधीच असेल, तर आज एकदा झाकण उघडून बघा.